मोटेवरची देववाणी

त्या गुरुवारी रनाळ्याला जत्रेलाही लोटत नाही एवढा माणूस लोटला होता. भिला पाटलाच्या मळ्यात, विहिरीलगतच्या खोपीपुढे, चार वर्षांची पोर पाटावर बसवली होती आणि तिच्यामागे बसले होते मौनगिरी महाराज. म्हणतात ना, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तसंच त्यांचं. या मौनगिरीचं तोंड मी कधी बंद पाहिलं नाही.

“मानव की बोली उष्टी, बच्चा! जन्मापासून जिच्या कानी उष्टा शब्द पडला नाही, तिच्या मुखी साक्षात देववाणी!”

पोर म्हणाली, “हुर्र हुर्र... ओहोऽ.”

मिरचीचे व्यापारी लालचंद सेठ हात जोडून उभे होते. महाराजांनी अर्थ सांगितला, “भाव चढेल.” मागोमाग मूल नसलेली छबूबाई आली. पोर पुन्हा तेच म्हणाली. या वेळी अर्थ निघाला, “मुलगा होईल.” लोक धन्य झाले. मी गावचा शाळामास्तर, माझं डोकं फिरलं. एकाच बोलण्याचा अर्थ एकदा मिरची, एकदा मुलगा? बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांत अर्थ ठरलेला असतो म्हणून तर भाषा चालते. हिचा अर्थ एकट्या महाराजांच्या पोटात होता.

भिला वाईट माणूस नव्हता. धुळ्याच्या कचेरीत एका कारकुनाने त्याच्या अहिराणीची टिंगल केली होती, ते त्याला सलत होतं. आपली पोर तरी शुद्ध बोलेल या आशेने त्याने महाराजांचं ऐकलं आणि तान्ही पोर या खोपीत आणून ठेवली. तिची आई जमनाबाई तोंडाला फडकं बांधून तिला भरवायची. ना अंगाई, ना हाक. नर्मदा हे स्वतःचं नावही पोरीने ऐकलं नव्हतं. मी भिलाला कितीदा बजावलं, तो म्हणायचा, “मास्तर, तुमले काय समजनार? पोर देवनी भाषा बोली ऱ्हायनी.”

दर्शनासाठी मोट थांबवली होती, पण बैल जुंपलेलेच होते आणि पोरीची नजर सारखी त्यांच्याकडे जात होती. महाराज “देववाणी भ्रष्ट होगी” म्हणून ओरडत असतानाच मी पोरीला उचललं आणि बैलांसमोर नेऊन उभं केलं.

ती हसली. “हुर्र हुर्र,” म्हणाली. बैल उतारावरून चालू लागले, मोट भरून वर आली. “ओहोऽ.” बैल थांबले आणि उलट्या पावली मागे आले.

मोट हाकणारा दोधू खाली मान घालून म्हणाला, “हाई तं मी बैलसले म्हनस.”

दोधूलाही तिथे बोलायची बंदी होती, पण मुक्याने बैल चालत नाहीत. खोपीच्या कुडातून पोरीला एवढंच ऐकू आलं, तेवढंच ती शिकली. जन्मभर मोट हाकणाऱ्या गावाला धुपाच्या धुरात ती हाक ओळखता आली नाही. बैलांनी ओळखली.

गलका थांबेपर्यंत महाराज पसार झाले. ते दुसऱ्या गावी पाट मांडतील, तिथेही हात जोडणारे भेटतील.

जमनाबाईने तोंडावरचं फडकं सोडलं. “मास्तर, मन्ही पोर बोलाले शिकनार शे ना?”

खोटा धीर देणं मला जमलं नाही. भाषा शिकायची वर्षं कोवळी असतात, त्यातली बरीच आपण धुपात जाळली, एवढंच मी सांगितलं.

म्हणून सांगतो, बाबांनो, तोरणमाळच्या पाड्यावरचं मूल पावरी बोलतं, सेठजींचं मूल घरात मारवाडी आणि गल्लीत अहिराणी बोलतं. त्यांना कुणी धडे देत नाही. भोवतालची माणसं त्यांच्याशी बोलतात, तेवढं पुरतं. शिकायची ताकद मूल जन्मासोबत घेऊन येतं, पण शब्द आपणच द्यायचे असतात. कुठलीच बोली उष्टी नसते. लेकरांशी बोला.

“नर्मदा,” जमनाबाई म्हणाली. “आठे ये, माय.”

पोर बैलांकडेच पाहत राहिली. जमनाबाईने पुन्हा पुन्हा हाक मारली. शेवटी तिने डोळे पुसले आणि दबक्या आवाजात म्हणाली, “हुर्र हुर्र.”

पोर वळली आणि धावत आईकडे आली.