पोचवल्याची सही

सिस्टरनी छत्तीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून. या काळात न दिलेल्या औषधापुढची सही त्यांनी कुणाची खपवून घेतली नाही. "नंतर गडबड होते, म्हणून आधीच करून ठेवली," असं एखादी शिकाऊ पोरगी म्हणाली की तिची धडगत नसे. "आधी हात, मग सही!" हे वाक्य वॉर्डात इतकं गाजलेलं होतं की पाठीमागं त्यांची नक्कल करणाऱ्या पोरीही तेच म्हणायच्या.

आणि आज विमानतळाच्या दारात, चाकाच्या खुर्चीत टेकल्या टेकल्या, त्यांनी स्वतःच आगाऊ सही ठोकली होती. 'प्रवाशाला गेटपर्यंत पोचवले' असं छापलेला कागद खुर्चीवाल्यानं पुढं केला. "आत्ताच करा आजी, गेटवर वेळ मिळत नाही," तो म्हणाला. चष्मा पर्समध्ये होता, मागं रांग होती, लेक काचेपलीकडून हात हलवत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मुळात खुर्ची त्यांना नकोच होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या ढकलल्या, आता आपण बसायचं? पण लेकीनं ऐकलं नाही. "आई, तुझे गुडघे घरातला जिना चढू देत नाहीत, तिथं मैलभर चालणारेस का? विमान चुकलं तर मावशीला काय सांगशील?"

मावशी म्हणजे सिस्टरची धाकटी बहीण. उद्या सकाळी आठला तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दोन तारखा तिनं घाबरून मोडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, ही तिसरी मोडली तर चौथीची वाट बघायला त्या राहतील याची खात्री मी देत नाही. धाकटीनं फोनवर हट्ट धरला, "ताई, तू समोर असशील तरच मी ऑपरेशनच्या कागदावर सही करीन. नाहीतर जाऊ दे." रात्रीच्या आत पोचवणारं विमान हे एकच होतं.

आणि तपासणी आटपून सिस्टर इथं भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

खरंच भिंतीकडं. जमिनीवर निळ्या पट्टीनं चौकोन आखलेला, त्यात सात खुर्च्या, सगळ्यांची तोंडं भिंतीला, कारण पाय रस्त्यात येऊ नयेत. विमानांचा फळा पाठीमागं. "दहा मिनिटांत आलो," म्हणून खुर्चीवाला तिकिटं आणि कागद घेऊन गेला, त्याला पाऊण तास झाला. शाळेत असं उभं करायचे, तेही मस्ती केल्यावर. इथं मस्ती म्हणजे म्हातारं होणं.

शेजारच्या खुर्चीत एक काका होते. उजवी बाजू अर्धांगानं गेलेली, जीभ जड. त्यांचा उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवरून घसरून जमिनीला घासत होता. कुणी बघितलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. सिस्टरनी वाकून तो उचलून जागेवर ठेवला. गार पडला होता. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या वॉर्डात हे दिसलं असतं तर संबंधिताला त्यांनी उभं सोललं असतं.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. काकांनी मोठ्या कष्टानं गावाचं नाव सांगितलं. म्हणजे त्यांच्याच विमानात.

सिस्टर काठी टेकत उठल्या. मदतकक्ष बारा पावलांवर होता. टेबलामागच्या मुलीनं नाव विचारलं, बटणं दाबली आणि गोड हसली.

"आजी, तुम्ही गेटला पोचलात."

"कोण, मी?"

"हो. बारा पन्नासला. तुमच्या शेजारचे काकासुद्धा."

"अगं, मी तुझ्यासमोर उभी आहे."

"हो, पण इथं पोचल्याचं दिसतंय ना." तिनं ट्रेमधून दोन कागद काढले. मागं दोघांची तिकिटं टाचलेली. "ही बघा तुमची सही. हा काकांचा अंगठा."

अंगठा उजव्या हाताचा होता. लुळा हात उचलून शाईत दाबलेला.

"बरं. आता माणूस दे. गेट कितवं, वेळ किती राहिला?"

"एक्केचाळीस. बावीस मिनिटं आहेत. पण पोचलेल्या प्रवाशाला परत माणूस देता येत नाही. नवीन विनंती करावी लागेल, अठ्ठेचाळीस तास आधी."

ती चेष्टा करत नव्हती, हेच भयंकर होतं. सिस्टरनी दोन्ही कागद तिच्या हातातून ओढून घेतले.

"आजी, ते आमच्याकडं राहतात!"

"सही माझी आहे ना? मग कागदही माझा."

परत येऊन त्यांनी काठी काकांच्या मांडीवर आडवी ठेवली, ब्रेक सोडला आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. हाताला ती पकड लगेच आठवली. खुर्चीच्या आधारानं गुडघ्यांवरचा भारही निम्मा झाला.

"काका, मी नर्स आहे. डावा पाय आत घ्या. निघालो."

निम्मा म्हणजे काही शून्य नव्हे. बाराव्या गेटपर्यंत गुडघे कुरकुरले, वीसपर्यंत बोंबलायला लागले. सरकत्या पट्ट्यावर खुर्ची नेता येत नाही, म्हणून धडधाकट माणसं उभ्या उभ्या पुढं निघून जात होती आणि या दोघांना कडेनं चालणं होतं. एक बाई थबकून म्हणाली, "अय्या, किती गोड जोडपं!"

"मी यांना ओळखतही नाही!" सिस्टर खेकसल्या.

काकांच्या तोंडाचा जो अर्धा भाग हसू शकत होता तो हसला. सिस्टर हसल्या नाहीत. तिसाव्या गेटपुढं त्यांनी फक्त धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोर धरला. लहानपणी इंजेक्शन घ्यायलाही ती ताईचा हात धरल्याशिवाय दंड पुढं करत नसे.

एक्केचाळीस नंबरवर दार अजून उघडं होतं. तिथला गणवेशातला माणूस चकितच झाला. "अहो, तुम्ही मघाशीच पोचलात असं दिसतंय. दोनदा नावं पुकारली. आता सामान उतरवायला सांगणार होतो!"

"पेन द्या," सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात खुर्चीवाला धापा टाकत आला. शर्ट पाठीला चिकटलेला. "आजी, काही लिहू नका हो. सगळं माझ्यावर येईल."

सिस्टरना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. "आज किती खुर्च्या आहेत तुझ्याकडं?"

"नऊ."

"आणि सोबत कोण?"

"कोणी नाही. मी एकटाच."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हा खेळ इस्पितळात त्यांनी पुष्कळ पाहिला होता. त्यांनी चष्मा लावला. 'पोचवले' या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. नोंद चुकली की अशीच दुरुस्त करायची असते. खाली लिहिलं: 'एक बावन्न. कुणी पोचवले नाही. स्वतः चालत आले, पेशंट ढकलत आणला. नऊ खुर्च्यांना एक माणूस ठेवला आहे.' आणि सही केली.

काकांनी डावा हात पुढं केला. सिस्टरनी त्यांच्या मांडीवरच्या काठीवर त्यांचा कागद धरला. ठशाशेजारी काकांनी वेडंवाकडं, एकेक अक्षर ओढत लिहिलं, 'खोटं'.

"द्या, मी वर पाठवतो," दारावरचा माणूस हात पुढं करत म्हणाला.

"तुमच्याकडं दिला की हाही पोचला असं दिसेल." त्यांनी दोन्ही कागद पर्समध्ये घातले. "नऊ खुर्च्या एकाच्या गळ्यात मारणारा जो कोण साहेब आहे, त्याच्या हातात मी स्वतः देईन. त्यानं घेतल्यावर त्याची सही घेईन. आधी नाही."

मग त्या खुर्चीवाल्याकडं वळल्या. "यांचा उजवा पाय घसरतो. लक्ष ठेव. सांगितलं, कळलं?"

"कळलं, आजी."

तेव्हाच त्यांनी खुर्ची त्याच्या ताब्यात दिली. काठी घेतली आणि विमानाच्या दाराकडं निघाल्या. उद्या आठच्या आत त्यांना अजून एक सही करून घ्यायची होती, आणि त्या वेळी हात हातात हवा होता.