सेवा सुरू झाली

त्या चार ओळी लिहिल्या तेव्हा मला जेवायला जायची घाई होती. याहून बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आमचं डायलिसिस केंद्र आहे. रुग्णांच्या वेळा वेबसाइटवर ठरतात, वेळ बदलली तर निरोपही तिथूनच जातो, आणि ती वेबसाइट मागच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर चालते. दर सोमवारी सकाळी सहाला मामा तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर, अठरा वर्षं त्याच खोलीत. वेबसाइट उठवायला त्यांना तीन लांबलचक आज्ञा टाइप कराव्या लागत, म्हणून मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून दिली. एक शब्द टाइप केला की काम झालं. शेवटी पडद्यावर ओळ उमटायची, 'सेवा सुरू झाली'. ती वाचून मामा वहीत वेळ लिहायचे आणि चहाला जायचे.

गोम अशी, की सेवा खरंच सुरू झाली का हे माझी स्क्रिप्ट बघतच नव्हती. सुरू हो म्हणायची आणि लगेच झाली म्हणून सांगून मोकळी व्हायची.

गेल्या सोमवारी डिस्क भरली होती. सेवा उठलीच नाही. त्याच सकाळी डायलिसिसचं एक मशीन बिघडून वेळा बदलल्या होत्या, पण रुग्णांना निरोप गेले नाहीत. एक आजी सुजलेले पाय घेऊन पाच तास बाकावर बसून राहिल्या.

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं. मामांनी वही पुढे केली. "सेवा सुरू झाली, असं लिहून आलं होतं, बाई. मी वाचलं."

"मग बंद कशी होती?" बाई माझ्याकडे वळल्या. "असं होऊ शकतं का गं?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

बघावं कसलं, कपाळ. मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण माझी दातखीळ बसली. मामांना पुढच्या महिन्यापासून सामानाच्या खोलीत पाठवायचं ठरलं, आणि मी जागेवर जाऊन गुपचूप स्क्रिप्ट दुरुस्त केली. सवयीप्रमाणे आधीची फाइल 'जुनी' असं नाव देऊन ठेवून दिली. नाहीतरी मामा वर्षभरात निवृत्त होणार, असं तीन दिवस स्वतःला समजावत राहिले. लाज वाटत होती, तरी समजावत राहिले.

गुरुवारी मामा नवा चष्मा लावून माझ्या टेबलापाशी आले.

"डोळे दाखवून आलो," ते म्हणाले. "नंबर फारसा बदललेला नाही म्हणतात. पण मीच म्हटलं, द्या बदलून. त्या आजींच्या घरीही जाऊन आलो. म्हटलं, माझी नजर चुकली, माफ करा." मग जरा घुटमळले. "अजून दोन सोमवार माझ्याकडे आहेत. तेवढी ती ओळ मोठ्या अक्षरात येईल असं करशील? पुन्हा घोळ नको."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी जुनी फाइल उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"मामा, सेवा सुरू झाली काय, नाही झाली काय, ही ओळ यायचीच. मी तशीच लिहिली होती. तुम्ही बरोबर वाचलंत."

त्यांनी बोट ठेवून चारही ओळी वाचल्या. मग चष्मा काढून डबीत ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"बाईंनी विचारलं तेव्हाच."

 मग माझ्याच टेबलावरचा कागद ओढून त्यांनी आजींचा पत्ता लिहिला.

"आधी बाईंकडे जा," ते म्हणाले. "मग इथे."

मी चार ओळी छापून घेतल्या आणि डॉक्टरबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मामा माझ्यासोबत येतील असं उगाच वाटलं होतं. ते आपल्या खोलीत निघून गेले होते.