प्रतिभाताईंना जुनंच हवं होतं

मी बोलतोय तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानातला संगणक. माझ्याकडे बघून हसू नका. आमच्या वेळी पडदे असेच पाठीमागे फुगलेले असायचे. १९९९ साली एकाने सुटे भाग जुळवून मला दोन दिवसांत उभं केलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन लहानूभाऊ जाधवांच्या दुकानात आणलं.

लहानूभाऊ मालक. उभं आयुष्य त्यांनी छपाईचे शिशाचे खिळे, एकेक सुटं अक्षर, जुळवण्यात घालवलेलं. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पण माउसला हात लावला नाही. "ते तुम्ही पोरी बघा," म्हणाले.

त्या दोघी होत्या. सकाळी प्रतिभाताई गांगुर्डे यायच्या. वय पस्तिशीचं, नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, मराठी टायपिंगचा हात असा की बोटं दिसू नयेत. दुपारपासून स्नेहल. कॉलेज नुकतंच संपवलेली, सतत काहीतरी नवं करून बघणारी.

माणसं मला कशी सजवतात याचं मला भारी कुतूहल. पडदा एकच, पण प्रत्येकाला त्यावर आपलं घर मांडायचं असतं. स्नेहल आली की पडद्यामागे धबधबा लावायची, चित्रं इकडची तिकडे करायची, बाणाच्या जागी धावणारा घोडा आणायची. दुसऱ्या दिवशी प्रतिभाताई येऊन सगळं पुसायच्या. मागे साधा हिरवट-निळा रंग, खाली राखाडी पट्टी, डावीकडे चित्रांची एक सरळ रांग. पहिलं चित्र पत्रिकांचं, दुसरं बिलबुकांचं, तिसरं फॉन्टचं. एकही बोटभर हललेलं चालायचं नाही.

"ताई, कंटाळा नाही येत तुम्हाला या राखाडीचा?" स्नेहल विचारायची.

"स्वयंपाकघरात मिठाची बरणी रोज नव्या जागी ठेवतेस का गं तू?"

यावर स्नेहल हसायची आणि दुपारी पुन्हा धबधबा.

मला वाटायचं, ही बाई हट्टी आहे. मात्र काही गोष्टी मला उमगत नव्हत्या. प्रतिभाताई पडदा एका नजरेत पाहत नसत. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायच्या, जणू नळीतून बघताहेत. शेजारी ठेवलेला चहाचा ग्लास त्यांच्या कोपराने तीनदा लवंडला. माउस शोधायला त्या टेबल चाचपायच्या. आणि बाण मात्र थेट तिसऱ्या चित्रावर जाऊन थांबायचा, न बघता.

२००३ मध्ये लहानूभाऊंनी माणूस बोलावून माझी रॅम वाढवली आणि माझ्यात नवी विंडोज घालून घेतली. माझा चेहराच पालटला. हिरवी टेकडी, पांढरे ढग, निळी पट्टी. सगळ्या कडा गोल, सगळे रंग एकमेकांत विरघळणारे. शेजारचे दुकानदार बघायला आले. खरं सांगतो, मीही जरा ऐटीत होतो.

सकाळी प्रतिभाताई बसल्या. बाण नेहमीच्या जागी नेला. तिथे टेकडी होती. मान फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत त्या फॉन्टचं चित्र शोधत राहिल्या. ज्या कामाला अर्धा तास लागायचा, ते दुपारपर्यंत पुरलं.

"भाऊ, जुनंच परत घाला ना," त्या म्हणाल्या.

"प्रतिभाताई, अहो, जग कुठे चाललंय आणि तुम्ही जुन्याला कवटाळून बसताय! चार दिवसांत होईल सवय."

सवय झाली नाही. तेव्हा दुकानात एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती. प्रतिभाताईंनी तीन दिवस खपून चाळीस पानं जुळवली. तिसऱ्या दिवशी एक चौकट समोर आली. त्याच नावाची फाइल आधीच आहे, ती पुसून ही कोरी फाइल ठेवू का, असं मीच विचारत होतो. जुन्या चौकटीची बटणं उठावदार असत, एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला गडद रेघ. ही नवी बटणं त्यांना पाठीमागच्या रंगातून वेगळी काढता येईनात. त्यांनी अंदाजाने दाबलं. सगळी पानं गेली.

हाक मारता आली असती तर मी मारली असती. पण मला जे सांगितलं जातं तेच मी करतो.

लहानूभाऊ ओरडले नाहीत, आणि तेच वाईट झालं. खुर्ची ओढून समोर बसले. "ताई, थोडे दिवस घरी आराम करा. स्नेहल सांभाळेल."

प्रतिभाताईंनी पर्स उचलली. दाराकडे निघाल्या आणि वाटेत ठेवलेल्या कागदाच्या गठ्ठ्याला अडखळून पडल्या. भर दुपारी, लख्ख उजेडात. स्नेहल धावली.

"ताई, एवढा मोठा गठ्ठा… दिसला नाही तुम्हाला?"

प्रतिभाताईंनी हातातून सुटलेली पर्स चाचपून जवळ ओढली. मग त्या जमिनीवर बसूनच म्हणाल्या, "कडेचं काहीच दिसत नाही गं. मधलं तेवढं दिसतं, तेही कमी होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही. सहा वर्षं झाली. कळलं की काम जाईल, म्हणून बोलले नाही."

लहानूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "आणि मी तुम्हाला जुन्याला कवटाळता म्हणालो," एवढंच बोलले.

स्नेहल मात्र उठून माझ्यासमोर बसली. माझ्या खिडक्या उघडत, बंद करत, यादीतला एकेक देखावा लावून बघू लागली. "ताई, सांगा. हे?"

"नाही."

"हे?" जुना राखाडी आला.

"हे दिसतं. पण पांढरं पान डोळ्यात घुसतं."

"मग हे?"

मी काळा झालो. काळ्यावर पिवळी ठळक अक्षरं, मोठा बाण. मी मलाच ध्यान वाटलो. प्रतिभाताईंनी मान फिरवली, एकदाच. "फॉन्ट तिसऱ्या नंबरला," म्हणाल्या, आणि बाण तिथे नेऊन ठेवला.

स्मरणिका दोघींनी मिळून पुन्हा जुळवली. स्नेहलने धबधबा कायमचा सोडला. त्या काळ्या पडद्याने गंमतही केली. सटाण्याचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका बघायला आले आणि दचकून मागे सरले. "हाई काय शे? लगननी पत्रिका काळी?"

"छापल्यावर लालच येईल, बाबा," प्रतिभाताई म्हणाल्या. "काळी आहे ती माझ्यासाठी."

आणखी चार वर्षं त्यांनी माझ्यावर काम केलं. मग पिवळी अक्षरंही धूसर झाली. एके सकाळी त्यांनी स्वतःच कीबोर्ड स्नेहलकडे सरकवला. आता त्यांचं संपलं, असं मला वाटलं. पण लहानूभाऊंनी दुसरी खुर्ची मागवली. माझ्यावर हिरवी टेकडी परत आली. तेव्हापासून स्नेहल टाइप करून मोठ्याने वाचते आणि प्रतिभाताई ऐकून चुका पकडतात. "'आशीर्वाद'मधला शी कसा काढलास?" "ऱ्हस्व." "दीर्घ कर. रफार कुठे दिलास? वा वर हवा." मी ऐकत राहायचो. इतकी वर्षं वाटत होतं की त्यांचं कसब माझ्या पडद्यावर आहे.

आता २००९ चाललंय. टेबलावर सपाट पडद्याचा नवा संगणक आलाय. मी भिंतीशी, वायर काढून ठेवलेला. उद्या भंगारवाला येणार म्हणतात. जायचं दुःख नाही. फक्त एक मागणं आहे. कोणी म्हणालं, मला आपलं जुनंच बरं, तर लगेच हसू नका. नुसता हट्टही असेल, माणसाला तोही असावा. पण एकदा शेजारी बसून विचारा, त्यात तुम्हाला काय दिसतं?

आज सकाळी स्नेहल नव्या यंत्राशी झटत होती. सगळी बटणं भलतीकडेच. वैतागून म्हणाली, "ताई, ती हिरवी टेकडी किती छान होती हो! हे काय करून ठेवलंय!"

प्रतिभाताईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"सांग," त्या म्हणाल्या, "काय सापडत नाहीये?"