बुजवलेली खिडकी

"ही खिडकी बुजवावी लागेल," थॉर्नबरी म्हणाला आणि त्याने दोन घरांमधलं अंतर पुन्हा एकदा मोजलं. "दीड वीत. पलीकडे लाकडी घर, त्यात पावाची भट्टी, आणि तिच्यासमोर ही उघडी खिडकी. विमा मंडळी हे मान्य करणार नाही, यार्नल साहेब."

"साहेब नको, एनॉक म्हण. आणि माझी खिडकी तुझ्या कुठे आड येते रे?"

थॉर्नबरीच्या कपाळाला आठी पडली. जन्म फिलाडेल्फियात गेला, तरी क्वेकर पंथाच्या लोकांच्या या अरे-तुरेची त्याला सवय झाली नव्हती. न्यायाधीश असो की गाडीवान, हे सगळ्यांना तू म्हणणार आणि कुणापुढे टोपी काढणार नाहीत. पण आगविमा मंडळीच्या सभासदांत निम्मे हेच लोक होते, आणि घरांची पाहणी करून अहवाल लिहिणं हे थॉर्नबरीच्या पोटापाण्याचं काम होतं. त्याने राग गिळला.

तेवढ्यात समोरच्या लाकडी भिंतीतली झडप उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला पाव धरून एक पिठाने माखलेला हात बाहेर आला.

"धरा मालक, हात भाजतोय माझा." मग हातामागून लालसर, गोल चेहरा दिसला. "अगंबाई, हे कोण?"

"विमा मंडळीचा माणूस आहे. घर मोजतोय," एनॉक म्हणाला.

"माझंही मोजतोय? म्हणजे माझं घर जळलं तर मला पैसे मिळणार?"

"नाही बाई," थॉर्नबरी म्हणाला. "लाकडी घरांचा विमा आम्ही उतरवत नाही."

"मग ती पट्टी ठेवा खिशात आणि पाव खा. उपाशी माणूस वाकडं मोजतो."

थॉर्नबरीने पाव खाल्ला, आणखी एक तुकडा मागून घेतला, मिशा पुसल्या आणि अहवालात लिहिलं: पूर्वेकडची खिडकी बुजवावी, भिंत छपराच्या वर दोन हात चढवावी, अथवा शेजारचं लाकडी घर पाडावं.

एनॉक यार्नल सहासष्ट वर्षांचा होता. बारा वर्षांचा असल्यापासून त्याने गवंडीकाम केलं होतं. निम्म्या शहराच्या भिंतींत त्याच्या हातच्या विटा होत्या. चार पैसे गाठीशी पडले तसे त्याने गल्लीत शेजारशेजारचे जागेचे दोन तुकडे घेतले होते. एकावर स्वतःच्या हाताने विटांचं तिमजली घर बांधलं. दुसऱ्यावर जुनं लाकडी घर होतं, ते अकरा वर्षांपूर्वी अपोलोनिया क्रेस नावाच्या जर्मन विधवेला भाड्याने दिलं. ती पाव भाजायची, आणि नाताळच्या सुमारास आलं-काकवी घातलेल्या चपट्या वड्या लाकडी साच्यांत उठवायची. पहिल्या हिवाळ्यात एनॉकची बायको आजारी पडली, तेव्हा अपोलोनियाने त्या खिडकीतून गरम पाव आणि सूप द्यायला सुरुवात केली. बायको गेली. पाव येत राहिला. रोज सकाळी, सहाच्या सुमारास. पावाबरोबर दोन-चार वाक्यं यायची, कधी गल्लीतली बातमी, कधी एनॉकच्या बागेतल्या कोबीवर टीका. त्या दोन-चार वाक्यांवर एनॉकचा दिवस चालायचा. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

मुलगी टॅमर त्याच्याजवळच राहत होती. जावई जहाजावर होता. विम्याचा हट्ट तिचाच.

"विटांचं घर जळत नाही असं वाटतं तुला, बाबा? तुळया लाकडाच्या, जिने लाकडाचे, छप्पर लाकडाचं. मागच्या हिवाळ्यात त्या सुताराचं घर गेलं आणि अख्खं कुटुंब अनाथगृहात जाऊन पडलं. आपल्याकडे दुसरं काय आहे?"

"काही नाही."

"मग ते लाकडी खोकं पाड. तिला दुसरीकडे जागा मिळेल."

"त्या भट्टीसकट कोण घेणार तिला?"

"मग खिडकी बुजव. एका खिडकीचं एवढं काय घेऊन बसलास?"

 तीन आठवडे एनॉक अहवालाचा कागद घडी घालून कोटाच्या खिशात वागवत होता. शेवटी एका सकाळी पाव हातात घेऊन त्याने अपोलोनियाला दोन्ही अटी सांगितल्या. घर पाडण्याचीही लपवली नाही.

तिने हातावरचं पीठ एप्रनला पुसलं. 

"बुजवा मग," ती म्हणाली. "मी काय, पाव फेकून देईन छपरावरून."

पुढच्या आठवड्यात एनॉकने थापी शोधून काढली. टॅमर म्हणाली गवंडी बोलव. त्याने ऐकलं नाही. भिंतीत दुसऱ्याची वीट त्याला खपली नसती. आतल्या बाजूने एकेक थर चढत गेला. पलीकडे झडप उघडी ठेवून अपोलोनिया कणीक मळता मळता देखरेख करत होती.

"चुना पातळ झालाय, मालक."

"तू कणकेकडे बघ."

"कणीक बिघडली तर एक दिवसाचा पाव जातो. तुमचा चुना बिघडला तर जन्मभर वाकडी भिंत बघायची आली मला."

शेवटच्या दोन विटांएवढी फट राहिली तेव्हा अपोलोनियाचे मळणारे हात थांबले. मग एनॉकने विटा बसवल्या आणि थापीच्या मुठीने हलकेच ठोकल्या. त्या दिवशी तो जेवला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुढच्या दारावर थाप पडली. दारात अपोलोनिया उभी, डोक्याला स्वच्छ टोपी, हातात पाव.

"आता एवढं चालून आलेय, तर बसायला सांगाल की नाही?"

एनॉकने खुर्ची पुढे केली.

खिडकीतून पाव येत होता तोवर कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. आता ती रोज पुढच्या दाराने येऊन पाऊण-पाऊण तास बसू लागली, तसं गल्लीने पाहिलं. महिन्याभरात क्वेकरांच्या सभेतून दोन ज्येष्ठ काळजीच्या चेहऱ्याने चौकशीला आले. ती आपल्या पंथाची नाही, लोकांत कुजबुज आहे, असं त्यांनी सौम्य शब्दांत सुचवलं. एनॉकने सगळं ऐकून घेतलं.

"विमा मंडळीला विचारा," तो म्हणाला. "त्यांनीच खिडकी बंद करायला लावली."

तेवढ्यात अपोलोनिया आतून ताज्या वड्यांचं ताट घेऊन आली. ज्येष्ठ आणखी अर्धा तास बसले आणि परत कधी चौकशीला आले नाहीत.

एनॉकने भिंत छपराच्या वर दोन हात चढवली, विम्याची पावती हातात पडली, सात वर्षांसाठी घराचा विमा उतरला, आणि दाराच्या वर मंडळीची खूण, शिशात ओतलेली लहानशी घंटा, ठोकली गेली. टॅमर निर्धास्त झोपू लागली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये, कोरडा वारा सुटलेल्या एका दुपारी, गल्लीच्या मागे पिंपं बनवणाऱ्या कारागिराच्या अंगणात लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला. ठिणग्या उडून अपोलोनियाच्या छपरावर पडल्या. लाकडी फळ्या होत्या, वाळून कडकडीत झालेल्या. आरोळी उठली. लोक कातडी बादल्या घेऊन धावले, नदीपर्यंत रांग लागली.

एनॉक भिजवलेल्या घोंगड्या खांद्यावर टाकून स्वतःच्या छपरावर चढला होता. उडून येणारी एकेक ठिणगी तो घोंगडीखाली दाबत होता. पलीकडच्या ज्वाळा त्याच्या डोक्याच्या वर गेल्या. पण त्याने चढवलेली दोन हातांची भिंत मध्ये उभी होती, आणि ज्वाळा तिच्यावर आपटून माघारी वळत होत्या.

खालून अपोलोनिया ओरडत होती. एप्रनच्या ओच्यात तिने वड्यांचे साचे घेतले होते, घरातून तेवढंच निघालं होतं.

"एनॉक! खाली उतर! मरायचंय का तुला? खाली ये म्हणते ना!"

तासाभरात लाकडी घर बसलं. भट्टी तेवढी काळीठिक्कर उभी राहिली. एनॉकच्या घराची पूर्वेकडची भिंत काजळली होती, टॅमरच्या खोलीतली दोन तावदानं तडकली होती. बस्स.

टॅमर अपोलोनियाजवळ गेली आणि तिच्या ओच्यातले साचे एकेक करून स्वतःच्या हातात घेतले.

"वर चल," ती म्हणाली. "माझ्या शेजारची खोली रिकामी आहे."

"भाडं घेणार असलीस तर येते."

"घेईन. पाव घेईन."

आठवड्याने एनॉक मंडळीच्या कचेरीत संचालकांपुढे उभा राहिला, टोपी डोक्यावर ठेवूनच. टेबलाच्या कडेला थॉर्नबरी कागद घेऊन बसला होता.

"तावदानांचे पैसे मागायला आलात?" एका संचालकाने विचारलं.

"नाही. तुमच्या सांगण्यावरून मी भिंत चढवली. ती चढवली नसती तर आज तुम्ही मला अख्खं घर भरून देत बसला असता. सल्ला चांगला होता. मी आभार मानायला आलो."

असं कुणी आजवर म्हणालं नसावं. संचालक एकमेकांकडे पाहू लागले.

"आणि दुसरं," एनॉक म्हणाला. "जळालेल्या जागेवर विटांचं घर उठणार आहे. त्याचा विमा हवाय. भट्टी अंगणात, घरापासून वीस पावलांवर. जागा मी वार्षिक खंडावर अपोलोनिया क्रेसला कायमची लिहून दिली आहे. घर तिचं, विमाही तिच्या नावावर हवा."

"एकट्या पाववाल्या बाईच्या नावावर? जोखीम मोठी आहे, मित्रा."

"तिच्या भट्टीतून अकरा वर्षांत एक ठिणगी बाहेर आलेली नाही. आग पिंपवाल्याकडून आली. आणि ती बेफिकीर असती तर पहिला मी जळालो असतो. लागूनच राहतो मी."

"घर कोण बांधणार?"

"मी."

थॉर्नबरीने मान वर केली. "मी त्या घराचा अहवाल लिहीन," तो म्हणाला. "भिंत सरळ असते यांची. आणि पावसुद्धा..." तो थांबला. "बाई सावध आहेत, एवढं मला म्हणायचं होतं."

संचालक हसले. घर पुरं झालं की पाहणी करून ठरवू, असं ठरलं.

तो सगळा उन्हाळा एनॉक बांधत होता. जड कामाला दोन मजूर घेतले, पण दर्शनी भिंतीची प्रत्येक वीट त्याने स्वतः लावली. अपोलोनिया चुना कालवायची. त्याचा चुना पातळ व्हायचा, तिचा कणकेसारखा घट्ट. शेवटी मध्यावर तडजोड झाली. दुपारी दोघं अर्धवट भिंतीच्या सावलीत बसून राय धान्याचा पाव आणि चीज खायची, आणि जाणारेयेणारे त्यांना हाक मारून जायचे. एनॉकच्या कंबरेत रोज कळ निघायची. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात थॉर्नबरी आला, प्रत्येक खोली मोजून गेला. पुढच्या महिन्यात दोघांना सहीसाठी कचेरीत बोलावणं आलं.

कारकुनाने जाडजूड वही उघडली, अपोलोनियाकडे पाहिलं, आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथे फुली मारा बाई. मी शेजारी नाव लिहितो."

अपोलोनियाने टाक त्याच्या हातातून घेतला. बाही मागे सारली, खाली वाकली आणि सावकाश लिहू लागली. उंच, टोकदार जर्मन अक्षरं, एकमेकांना धरून चाललेली. एक शब्द झाला, दुसरा झाला. ती थांबली नाही. तिसरा लिहिला, शेवटी एक लांब वेलांटी ओढली.

कारकुनाने वही फिरवून पाहिली. "हे काय लिहिलंय?"

"नाव माझं. मारिया अपोलोनिया क्रेस."

मारिया. एनॉकला हे माहीत नव्हतं. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वहीवर वाकला. शाई अजून ओली होती. कारकून शाई सुकवायची वाळू भुरभुरायला निघाला, तसा एनॉकने हात आडवा धरला.

"थांब जरा," तो म्हणाला. "वाचू दे."