लोखंडी अस्वलीण

मी अस्वलीण बोलतेय. नागपूरच्या शिल्पबागेत, तळ्याकडच्या वळणावर उभी असते ती. माझी झिपरी लव सायकलच्या जुन्या चेनींची, नखं मोडक्या विळ्यांची आणि पोटात खापरखेड्याकडच्या भंगारातले पाइप.

शामलाताईंनी मला सक्करदऱ्यातल्या आपल्या शेडमध्ये घडवलं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांच्या ओढण्यांची चाळण झाली. मी पुरी झाले असं सगळे म्हणत होते, पण ताईंचं समाधान होईना. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर एक पिल्लू जोडलं. "आपल्याकडची अस्वलं पिल्लं अशीच पाठीवर वागवतात," म्हणाल्या.

आमच्या बागेत जिवंत जनावरंही आहेत, सगळी विदर्भाच्या रानातली. माझ्यासमोर, खंदकापलीकडे, खरीखुरी अस्वलीण राहते. लोक आधी तिच्याकडे धावतात. ती बहुधा झोपलेली असते. मग येतात माझ्याकडे! पोरांच्या हातांनी माझं नाक घासून लखलखीत झालंय. मला त्याचा तोरा आहे, कशाला लपवू?

पण खरी मान ताठ झाली ती गेल्या हिवाळ्यात. बुटीबोरीला लेकीकडे आलेलं एक जोडपं बाग बघायला आलं, गोविंदा आणि कौसल्याबाई. गोविंदाने तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता. मला पाहताच तो जागीच थिजला.

"घरी चाल वं."

"लोखंडाची हाय जी ते," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या.

शेजारी एक बाई टकमक बघत होती. तिला कौसल्याबाईंनीच सांगितलं, मोहफुलं वेचताना अस्वलानं यांचा एक डोळा आणि अर्धा गाल ओरबाडला. तेव्हापासून फोटो नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा मांडवामागे बसले.

गोविंदा दबकत माझ्याभोवती फिरला. पिल्लाशी आला आणि थांबला.

"कौसल्या, तिच्याबी पाठीवर पिल्लू होतं. मले दिसलं होतं."

"मंग इतके वर्ष काहून नाही बोलले?"

"कोनाले सांगू? सारे तिले खुनशी म्हनत. ते तं आपलं पिल्लू वाचवून राहिली होती. माह्यासारखीच भेली असंन."

मग त्याने दुपट्टा सोडला. दिवसाउजेडी, भर गर्दीत. पिल्लावर हात ठेवून म्हणाला, "काढ फोटो."

कौसल्याबाईंनी घाईघाईत मोबाइल धरला आणि पहिल्या फोटोत नुसतं आभाळ आलं. दुसऱ्यात आम्ही तिघं नीट आलो. तो, मी आणि माझं पिल्लू.

तिथून तो थेट खंदकाशी गेला. आतली झोपली होती.

"चाला ना जी, लेक वाट पाहत असंन."

"उठू दे तिले."

तो कठड्याला धरून उभा राहिला. उन्हं कलली तेव्हा ती उठली, अंग झाडलं, नाक वर करून त्याच्या दिशेने हुंगलं. गोविंदाने कठडा घट्ट धरला, पण जागचा हलला नाही. "म्हातारी झाली वं हे," एवढंच म्हणाला. आवाजात माया होती.

आता माझ्या मागच्या पायाला गंज धरलाय. शामलाताई अधूनमधून येऊन तेलाचा बोळा फिरवतात. तुम्हीही या. माझ्या पाठीवर खुशाल चढा, नाक घासा, मी त्यासाठीच उभी आहे. पण समोरचीला खडे मारून उठवू नका. झोपली असेल तर झोपू द्या. तिनेही कधी पाठीवर पिल्लं वागवली असतील.