लवॉनच्या वाटणीचं

बेलफोर्ड गावात कुणाच्याही घरून खाऊचं भांडं आलं, तर ते रिकामं परत पाठवायची रीत नाही. धुऊन, पुसून, त्यात आपल्या हातचं काहीतरी घालूनच पाठवायचं. मार्लिस आणि लवॉन ह्या दोघी शेजारणींनी तर ही रीत इतकी टोकाला नेली होती, की त्यांच्यातला काचेचा मोठा ट्रे मुळात कुणाचा, हे त्यांनाही आठवत नव्हतं. आज इकडे, परवा तिकडे. दोन घरांमधल्या हिरवळीवर त्यांच्या जाण्यायेण्यानं पायवाट पडली होती, आणि मार्लिसचा नवरा ड्वेन गवत कापताना तेवढी सोडून कापायचा.

सगळ्याच्या मुळाशी होती लवॉन. गावातली शाळा चालू होती तोवर दोघी तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. अमेरिकेत प्रत्येक गोड पदार्थाला एक राष्ट्रीय दिवस नेमून दिलेला आहे, हे लवॉनला कुठल्याशा कॅलेंडरवर दिसलं आणि तिच्या अंगातच आलं. डोनटचा दिवस, ओटच्या कुकीचा दिवस, लिंबाच्या केकचा दिवस. हे दिवस ठरवले कुणी, देव जाणे. "साखर विकणाऱ्यांनी, दुसरं कोण," असं ड्वेन म्हणायचा आणि पहिला तुकडा तोच उचलायचा. पोरं जेवायला रांगेत उभी राहिली की लवॉन हातातला डाव उंच धरून आजचा दिवस जाहीर करायची, आणि पोरं टाळ्या पिटायची. पुढे शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन झाली, स्वयंपाकघराला कुलूप लागलं. दिवस मात्र थांबले नाहीत, ते ह्या दोन घरांत येऊन राहिले. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि ह्या बायांचे सण चारशे, अशी गावात थट्टा व्हायची.

"नाताळ वर्षातून एकदाच येतो," लवॉन म्हणायची. "मधले दिवस काय नुसते ढकलायचे?"

तिचा नवरा लवकर गेला होता आणि एकुलती एक मुलगी ट्रेसी दूर ओमाहाला होती. तेव्हा दिवस ढकलणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात लवॉनला आजार झाला. पोटाचा, वाईटातला. मार्लिसला हे कळलं ते फार उशिरा. आपल्याला मात्र आधीच कळलेलं बरं, नाहीतर पुढे जे झालं त्यात एकीला दुष्ट आणि दुसरीला कृतघ्न ठरवून तुम्ही मोकळे व्हाल. औषधांनी लवॉनच्या जिभेची चव गेली. साखर तोंडात घातली की गंजका खिळा चघळल्यासारखं वाटायचं, आणि लोण्याच्या नुसत्या वासानं पोटात ढवळायचं. ट्रेसी अधूनमधून येऊन तिला शहरातल्या इस्पितळात घेऊन जायची. शेजारीपाजारी काही विचारायचे नाहीत, कारण आमच्याकडे विचारतच नाहीत. 'कशी आहेस?' म्हटलं की 'तक्रार नाही' म्हणायचं, मग मरण दारात उभं का असेना. जे बोलायचं ते ट्रेमध्ये घालून पाठवायचं.

मार्लिसला खटकलं ते ट्रेमुळेच. एक दिवस त्यात दुकानातल्या कुकी आल्या, पाकिटातून काढून नीट ओळीत मांडलेल्या.

"लवॉननं दुकानातलं पाठवलंय," ती ड्वेनला म्हणाली.

"मग खा."

"अरे, लवॉननं. दुकानातलं."

"थकली असेल. वय झालं तिचं. तुझंही झालंय, तू मान्य करत नाहीस एवढंच."

"विचारू का तिला?"

"विचार की."

पण विचारलं नाही. एखाद्या बाईला तिच्या हातचं का नाही म्हणून विचारायचं म्हणजे तिचा अपमान करायचा, असं मार्लिसचं मत होतं. तेव्हा तिनं मनात अढी धरली.

एप्रिलमध्ये अननसाच्या उलट्या केकचा दिवस आला. हा लवॉनचा सगळ्यात लाडका. तळाशी साखर वितळवून त्यावर अननसाच्या चकत्या, प्रत्येक चकतीच्या भोकात एक लाल चेरी, वर पीठ, आणि भाजून झाल्यावर सगळं उलटं करायचं. मार्लिसनं जीव ओतून केला. उलटताना एक चकतीसुद्धा हलली नाही. मग तो तसाच अलगद ट्रेमध्ये सरकवून घेऊन गेली. लवॉननं दार अर्धंच उघडलं. डोक्यावर विणलेली टोपी, एप्रिलमध्ये.

"अगं, ये म्हटलं असतं, पण घरात नुसता पसारा आहे," लवॉन म्हणाली आणि ट्रे घेऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ट्रे परत आला, त्यात दोन सफरचंदं होती. "केक काय झाला होता गं," लवॉन उंबऱ्यावरूनच म्हणाली. "एका बैठकीत संपवला."

त्यानंतरच्या सकाळी रकूननं लवॉनचा कचऱ्याचा डबा पाडला. हा प्राणी चोर तो चोर, वर उधळ्याही. अर्धा कचरा मार्लिसच्या हिरवळीवर आला होता. मार्लिस हातमोजे घालून तो गोळा करायला गेली, शेजारधर्म म्हणून. आणि चिखलात तिला तिचा केक दिसला. अख्खा. सुरीसुद्धा लावलेली नव्हती. सगळ्या चेऱ्या जागच्या जागी होत्या.

तिला फार लागलं ते. केक टाकला ह्यापेक्षा खोटं बोलली, ह्याचं जास्त. तिनं घरात येऊन ट्रे धुतला, कोरडा केला, आणि तसाच रिकामा नेऊन लवॉनच्या पायरीवर ठेवला. बेलही वाजवली नाही. परत फिरताना खिडकीचा पडदा हललेला तिनं पाहिला आणि मुद्दाम मागे वळली नाही.

बेलफोर्डमध्ये ह्याहून मोठी शिवी नाही.

त्यानंतर ट्रे आला नाही. मे महिना सगळा तसाच कोरडा गेला. जूनमध्ये डोनटचा दिवस आला, त्या दिवशी तर ओव्हन न पेटवता बसताना मार्लिसला रडू आलं. "तिनं यावं," ती म्हणायची. "खोटं ती बोलली."

"तू तरी जा, नाहीतर तिला तरी बोलाव," ड्वेन म्हणाला. "दोन गाढवं एका कुंपणाला दोन्ही बाजूंनी ढकलत बसली, तर कुंपणच पडतं. गाढवं तिथेच."

"तुला काय कळतंय?"

"मला डोनट मिळाले नाहीत एवढं कळतंय."

लवॉनच्या दारात ट्रेसीची गाडी आता मुक्कामालाच होती. मुलगी आलीये, मग मी कशाला हवी, असं मार्लिस स्वतःला समजावत होती. मग एका सकाळी भांडी घासताना तिला दिसलं, की एका व्हॅनमधून दोन माणसं पलंग उतरवताहेत. लोखंडी, खालीवर होणारा, कठडे लावलेला. असला पलंग घरात कशासाठी आणतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नळ तसाच वाहत राहिला.

थोड्या वेळानं ट्रेसीच मागच्या दारानं आली. उभ्या उभ्याच बोलली.

"मार्लिस, तुम्हाला माहीतच नव्हतं ना?"

मार्लिसनं मान हलवली.

"सांगू नकोस म्हणाली होती मला. म्हणाली, मार्लिसला सांगितलंस तर ती केक करायची थांबेल आणि सूप घेऊन येईल. मग सगळं गाव सूप घेऊन येईल, शेवया घातलेलं. मग मी आजारी बाई होईन. मार्लिस केक आणतेय, तोवर मी लवॉन आहे."

"पण तिनं तो टाकला गं."

"गिळवतच नव्हता. मी होते त्या दिवशी. डब्यात टाकताना रडत होती. मी म्हटलं, मग आणू नको म्हणून सांग ना त्यांना. तर माझ्यावरच खेकसली."

"आणि मी ट्रे रिकामा..."

"हो." ट्रेसीनं टेबलाची कड धरली. "तो बघून म्हणाली, कळलं वाटतं मार्लिसला, म्हणून केक थांबला. आता सूप येईल. रोज खिडकीत बसायची. मग सूपही आलं नाही."

मार्लिस अंगातल्या एप्रनसह तशीच निघाली. इतक्या वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदा रिकाम्या हातांनी गेली.

लवॉन बैठकीच्या खोलीत त्या नव्या पलंगावर होती. मूळची धिप्पाड बाई, आता उशीवर नुसता चेहरा राहिला होता. डोळे मात्र तिचेच होते.

"मोकळ्या हातांनी आलीस?"

"हो."

"बरं केलंस. सूप आणलं असतंस तर हाकलून दिलं असतं. बस."

मार्लिस बसली. मनात होतं तेच बोलली. "मला वाटलं, तुला माझ्या हातचं नकोसं झालं."

"चाळीस वर्षं खाल्लं. नकोसं व्हायचं असतं तर तेव्हाच नसतं झालं? तुझे ते पहिले दालचिनीचे रोल आठव. दगड होते."

"लवॉन, मी फार वाईट वागले."

"वागलीस," लवॉन म्हणाली. "रिकामा ट्रे बघितला आणि खूप रडले मी. आजार कळला तेव्हाही एवढी रडले नव्हते." मग थोडी दमली, डोळे मिटून पडली. "पण सांगायला मलाही तोंड होतंच की. ते नाही उघडलं. सोड आता. आज कसला दिवस आहे?"

मार्लिसनं कॅलेंडरकडे कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

"स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचा," लवॉन म्हणाली. "डोक्याला सगळं आठवतं गं. जिभेलाच काही आठवत नाही. जा, करून आण. इथे माझ्यासमोर बसून खा, आणि मला सांग."

मार्लिसनं करून आणला. परसातल्या स्ट्रॉबेऱ्या, उन्हानं अजून कोमट. पलंगाजवळची खिडकी उघडली, म्हणजे वासाचा त्रास नको. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "छान झालाय."

"छान म्हणजे काय? काहीही पुढे ठेवलं तरी छान म्हणायची ती शाळेतली पोरं. तू नीट सांग."

मग मार्लिस नीट सांगू लागली. खालचा भाग कोरडा आहे, जिभेवर भुगा होतो, पण रस मुरलाय तिथे मऊ पडलाय. क्रीम थंड आहे. ही स्ट्रॉबेरी आंबट, ही दुसरी अशी गोड की साखर घातली नसती तरी चाललं असतं. लवॉन डोळे मिटून ऐकत होती, ओठ बारीक हलत होते. "मीठ?" तिनं मधेच विचारलं. "चिमूटभर जास्त झालंय," मार्लिसनं कबूल केलं. लवॉनला हसू आलं. "मला वाटलंच. तुझा हात नेहमी जड."

दोन दिवसांनी फजचा, चॉकलेटच्या मऊ वडीचा, दिवस होता. मार्लिसनं तो खाल्ला आणि दाढेला कसा चिकटतो ते सांगितलं. लवॉननं फक्त दोनदा प्रश्न विचारले. आजारी माणसाची सेवा करणारी नर्स रोज यायची. ती जाताना ट्रेसीला हळूच म्हणाली, की आता फार वेळ नाही, आणि कान सगळ्यात शेवटी जातात, तेव्हा बोलत राहा.

त्यानंतरचा नेमलेला दिवस चेरीच्या टार्टचा होता, पिठाच्या खुसखुशीत कडेत भाजलेल्या चेऱ्यांचा. मार्लिस दुपारी गेली तेव्हा लवॉनचे डोळे मिटलेले होते, श्वास लांब लांब अंतरानं येत होता. आज तिनं दिवस कसला ते विचारलं नाही. मार्लिसनंच सांगितलं. खुर्ची अगदी जवळ ओढून घेतली, बशी मांडीवर ठेवली आणि सुरुवात केली.

"चेऱ्या आंबट आहेत, पण तुला आवडतात तेवढ्याच. रस घट्ट झालाय, सुरी फिरवली तरी वाहिला नाही. बदामाचा अर्क घातलाय, दोन थेंब. तू म्हणाली असतीस एकच पुरे. आता मधला भाग. इथे जरा जास्त गोड लागतंय."

घास तोंडात फिरत राहायचा, खाली उतरत नव्हता. ती पाण्याबरोबर गिळायची आणि पुढचं सांगायची. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. ट्रेसी पलंगाच्या पलीकडे आईचा हात धरून बसली होती. बराच वेळ गेला. मग ट्रेसी उठली, वळसा घालून आली आणि तिनं मार्लिसच्या खांद्यावर हात ठेवला.

"मार्लिस, पुरे. गेली आई."

"थांब," मार्लिस म्हणाली. "अजून कड राहिलीये."

तिनं कडेचा तुकडा मोडून तोंडात घातला, आणि लोणी चांगलं लागतंय, एका बाजूनं थोडी करपलीये, असं लवॉनला सांगितलं.