उघड्या चोची

माझे सासरे छायाचित्रकार, त्यांच्यामागून माझे यजमान, त्यांच्यामागून माझा मुलगा. अशा तीन पिढ्या आमच्या स्टुडिओच्या काळ्या पडद्याआड उभ्या राहिल्या. चौथी पिढी म्हणजे माझी नात. ती मात्र पडदा झुगारून भर उन्हात पाखरांमागे गेली. काळवंडून घरी येते, तरी मी तिला एका शब्दाने बोलत नाही. बोलण्याचा अधिकार मी कधीच गमावला आहे.

स्टुडिओत पाऊल टाकताच समोर दिसे ते ‘भूक’ हे छायाचित्र. बुलबुलाचे घरटे, तीन पिल्ले, तिन्ही चोची आ वासलेल्या. मामंजींना त्याबद्दल सुवर्णपदक मिळाले आणि त्या पदकाच्या जोरावर आमचे घर पन्नास वर्षे ताठ मानेने वावरले. यंदा स्टुडिओला पाऊणशे वर्षे झाली. भिंतभर प्रत काढून समारंभात तिचे अनावरण करायचे मुलाने ठरवले आणि जुनी निगेटिव्ह नातीच्या हाती दिली.

त्याच दुपारी तिने मला हाक मारली. संगणकाच्या पडद्यावर एकेक पिल्लू मांजराएवढे झाले होते.

“आजी, हा फोटो ऐन बाराचा आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सावलीनं. चोचीच्या सरळ खाली पडलीय बघ. पण बुलबुल असं उघड्यावर घरटं बांधत नाही, पानांच्या आत बांधतो. आणि कोपऱ्यात ही दोरी. कुणीतरी फांदी ओढून धरलीय.” ती जरा थांबली. “ही भुकेली नाहीत गं. भुकेलं पिल्लू मान उंच ताणतं. ह्यांच्या माना काठावर पडल्यात. उन्हानं धापा टाकतायत. दोरी कोणी धरली होती?”

“मी.”

लग्न होऊन तेव्हा मला तीन महिने झाले होते. फिल्म मंद होती, पानांच्या सावलीत चित्र उमटेना. मामंजी म्हणाले, “सूनबाई, फांदी ओढून धर.” मी दोन तास धरली. पिल्लांची आई डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. आम्ही तिथे असताना ती उतरणार कशी? संध्याकाळी माझ्या नणंदेला घरट्यात मेलेली पिल्ले दिसली.

नणंद माझ्याहून चार वर्षांनी लहान. कॅमेऱ्यावर तिचा हात यजमानांपेक्षा सरस होता. घरात हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही उच्चारत नव्हते. पदकाचे परीक्षक घरी आले तेव्हा तिने त्यांना तोंडावर सांगितले, “ह्या फोटोपायी पिल्लं भाजून मेली.” मामंजींनी मला पुढे बोलावले. “तू होतीस ना तिथे? सांग.”

मला त्या घरात पाय रोवायचे होते. मी म्हणाले, “पुढच्या आठवड्यात उडून गेली. मी डोळ्यांनी पाहिली.”

नणंद खोटी ठरली. वडिलांच्या कौतुकावर जळते, असे चारचौघांत बोलले गेले. डार्करूमची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. तिने पुन्हा कॅमेरा हाती धरला नाही.

“म्हणजे आत्याआजी खरं बोलत होती?” नातीने विचारले. “आणि आपण सगळे तिला जळकी म्हणतो.”

समारंभाचे आमंत्रण मी स्वतः नणंदेच्या दारी जाऊन दिले.

ती आली. शेवटच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. मुलाने पडद्याची दोरी माझ्या हाती दिली. पुन्हा दोरी! मी ती ओढली, टाळ्या संपू दिल्या आणि मग बोलले. ऊन, फांदी, दोन तास, माझी खोटी साक्ष.

मुलाचा चेहरा उतरला. “आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुण्यांसमोर कशाला?”

“पाहुण्यांसमोरच. हिला खोटं पाडलं तेही पाहुण्यांसमोरच होतं.” मी शेवटच्या खुर्चीकडे वळले. “वन्सं, तीन पिल्लं मेली. तुम्ही खरं बोलला होता.”

मला वाटले, ती रडेल. ती उठूनही उभी राहिली नाही.

“तीन कसली, वहिनी?” ती म्हणाली. “मी पुरली ती चार होती. चौथं मुळाशी मातीत पडलेलं. तिथे कसं गेलं, तेवढं मला पन्नास वर्षं कळलं नाही.”

नात माझ्याकडे पाहत होती. कबुली देतानाही मी आपल्यापुरते थोडे राखून ठेवले होते, जन्माची खोड.

“चौथं पाठ फिरवून बसलं होतं,” मी म्हणाले. “चित्र बिघडत होतं. मामंजी म्हणाले, काढ. मी ह्या हातानं उचललं आणि खाली उन्हात ठेवलं. ते माझ्या बोटाला चोच लावत होतं.”

नणंदेने मान हलवली, पर्स खांद्याला लावली.

“आता फिटलं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता बाहेर उन्हात निघून गेली.